जुना ट्रक घेताना आधी विचारा, याने आजवर काय वाहिलं

गणेश चवथ झाली, पाऊस ओसरतोय. थोड्याच दिवसांत कुळागरांत, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागांत, सुपारी उतरायला लागेल, मागोमाग उसाची तोड, मग काजू. ऐन हंगामात भाड्याची गाडी मिळत नाही, म्हणून गोव्यात सत्तरी-सांग्यातले बरेच बागायतदार आता स्वतःसाठी जुना डिझेल ट्रक शोधतात. बघायला काळही हाच चांगला. पावसाळा काढलेल्या गाडीचा गंज आणि गळती सध्या उघडी दिसते; डिसेंबरपर्यंत ती रंगाखाली जाते.

किलोमीटर किती झाले, हे नंतर विचारा. आधी विचारा, गाडी कुठल्या मालावर होती.

दोन वर्षांपूर्वी डिचोलीत मी एक सहा चाकी गाडी पाहिली. रंग नवा, टायर चांगले, किंमत हातात बसणारी. मालक म्हणाला, भाजीवर होती. खाली आडवा झालो आणि केबिनच्या मागे, जिथे हौदा यू-बोल्टने चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, आवळलेला असतो, तिथे स्क्रूड्रायव्हर टेकवून दाबला. रंगासकट पापुद्रा सुटला, त्याखाली दुसरा, आणि मग टोक आरपार गेलं. हौद्याच्या फळीला नाक लावलं तर मासळीचा वास. बर्फाचं खारट पाणी वर्षानुवर्षं त्या सांध्यांत झिरपलं होतं. अशी गाडी फुकट मिळाली तरी नको, कारण कुजलेली चासी वेल्डिंगने सांधली तरी भरल्या गाडीत त्याच्या शेजारीच पुन्हा तडकते.

खाणीवरच्या गाड्यांची गोष्ट वेगळी. सप्टेंबर 2012 मध्ये आणि पुन्हा मार्च 2018 मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्या तेव्हा शेकडो टिपर, म्हणजे हौदा उचलून माल ओतणारे ट्रक, दारात उभे राहिले. त्यातली एखादी कमी किमतीत समोर आली तर लगेच नाही म्हणू नका. शेणखत, माती ओतायला टिपरसारखी सोय नाही. पण मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांत तडा आहे का, चासीला वरून पट्टी मारली आहे का, आणि एअर फिल्टरपासून इंजिनकडे जाणाऱ्या नळीत आतून तांबडी धूळ आहे का, हे बघाच. धूळ आत गेली असेल तर लायनर-पिस्टन झिजले असं धरून इंजिनकामाचा खर्च किमतीतून कापा. बरीच वर्षं उभी असलेल्या गाडीचे सील वाळतात आणि डिझेलची टाकी आतून गंजते.

माझी पसंती पार्सल किंवा किराणा मालाच्या गाडीला. शहरात सतत थांबून-निघून तिचा क्लच गेलेला असतो, पण क्लच बदलता येतो.

इंजिन थंड असतानाच बघायला जा, आणि तसं आधी सांगू नका. बॉनेटवर हात ठेवा; गरम लागलं तर तुमच्याआधी कोणीतरी चालू करून ठेवली आहे. चालू झाल्यावर ऑइलचं झाकण सैल करा. तिथून धूर भकाभका येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. सायलेन्सरमधून निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबला नाही आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केट तपासून घ्या. रेडिएटरचं झाकण मात्र इंजिन गरम असताना उघडू नका.

भार किती लागणार, हे घरीच मोजा. 14 फूट लांब, 6 फूट रुंद आणि 2 फूट उंच हौदा ओल्या शेणखताने भरला तर साधारण सव्वातीन टन होतात. आरसीवरच्या एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा. उरतं तेवढंच कायद्याने भरता येतं. एकूण वजन 7,500 किलोपर्यंत असेल तर हलक्या वाहनाच्या परवान्यावर गाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये स्पष्ट केलं आहे. त्यावरची गाडी घेतलीत तर जड वाहनाचा परवाना असलेला चालक बघावा लागेल. कुळागराच्या वाटेवर ती वळेल का, तेही पाहा.

एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6, म्हणजे धुराच्या नव्या नियमांतल्या, गाड्यांत धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो. बागेतून सोसायटीपर्यंत दोन-तीन किलोमीटरच्याच फेऱ्या असतील तर तो तापत नाही आणि तुंबतो. अशा कामाला त्याआधीची, गावच्या गॅरेजमध्ये उघडता येणारी गाडी मला बरी वाटते.

बेळगावहून वैरण आणायची असेल तर चोर्ला घाटासारखा उतार धरून चालवून बघा. दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडल्यावर गिअर सुटला, किंवा ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढली, तर काम निघालं.

गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या, कर्ज असेल तर ते फिटल्याचं बँकेचं फॉर्म 35, परराज्यातली गाडी असेल तर फॉर्म 28 ची एनओसी (ना-हरकत दाखला), चालू फिटनेस आणि थकलेली ई-चलनं, हे सगळं बघितल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. विमाही 14 दिवसांत आपल्या नावावर करून घ्या.

गाडी घरी आली की पहिला भार भरण्याआधी खालून पाण्याचा जोर मारून धुवा, दोन दिवस उन्हात वाळवा, लोखंडी ब्रशने गंज खरवडा आणि रेड ऑक्साइड मारा. हौद्याखालचे सांधे हाताने चाचपून बघा. ब्रश तिथे पोचत नाही.