जॅझ फ्युजनचा लाइव्ह अल्बम ऐकायला सुरुवात कशी करायची (जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या मित्रांसाठी)

जॅझ फ्युजन म्हणजे जॅझमध्ये रॉक, इलेक्ट्रिक वाद्यं असं बाकीचं मिसळून केलेलं संगीत. पहिला अल्बम म्हणून गिटारवाला पॅट मेथेनी याच्या बँडचा, म्हणजे पॅट मेथेनी ग्रुपचा 'ट्रॅव्हल्स' लावा, बाकीच्या याद्या सध्या बाजूला ठेवा. १९८२ मध्ये हा बँड अमेरिकेत टूरवर होता, तेव्हाच्या वेगवेगळ्या शहरांतल्या शोचं रेकॉर्डिंग करून त्यातलं निवडक १९८३ ला डबल एलपी (दोन मोठ्या तबकड्या) म्हणून काढलं, ग्रॅमीपण मिळाला त्याला. म्हणजे ही एका रात्रीची मैफल नाहीये. टूरवरच्या अल्बमचं बहुतेक असंच असतं, रोज तेच वाजवून वाजवून ट्यून हातात मुरते आणि कोणत्या रात्री ती एकदम वर जाईल ते आधी कुणालाच सांगता येत नाही, म्हणून बरेच शो रेकॉर्ड करून ठेवायचे आणि नंतर बसून निवडायचं.

आपल्याकडे वरातीत बँडवाला गाण्याचा एकच तुकडा पकडतो, नाचणारी पोरं बघून तो वाढवत नेतो आणि मग बरोबर जागेवर सगळे मिळून परत धुनेवर येतात, हे ज्याने कधी लक्ष देऊन ऐकलंय त्याला फ्युजनचा अर्धा मामला कळलेलाच आहे. आधी सगळे मिळून धून वाजवतात, मग एकेक जण सोलो घेतो, मागे बाकीचे त्याला धरून असतात, शेवटी परत धून. एवढं माहीत असलं तरी पुरे आहे, थिअरीचं पुस्तक लागत नाही.

आता मुख्य गोष्ट. अल्बम आख्खा संपवायच्या मागे लागू नका. एक ट्यून धरा, आधी तिची स्टुडिओवाली ऐका, मग लाइव्ह, मग परत स्टुडिओ. 'ट्रॅव्हल्स'ची सुरुवातच 'आर यू गोइंग विथ मी' ने होते आणि तीच ट्यून 'ऑफरॅम्प' या १९८२ च्या स्टुडिओ अल्बमवर आहे, म्हणजे जोडी तयारच आहे. आधी बँडचा कीबोर्डवाला लाइल मेज सिंथवर (सिंथेसायझर, इलेक्ट्रॉनिक आवाज काढणारं वाद्य) सोलो घेतो, ऐकून माउथ ऑर्गनसारखं वाटतं, घाई नाही काही नाही, मागे कॉर्ड्सचं तेच चक्र फिरत राहतं. मग मेथेनी गिटार सिंथेसायझरवर येतो, आवाज गिटारचा वाटतच नाही, ट्रम्पेटच्या जवळचा काहीतरी वाटतो, आणि तो चढतच जातो. पहिल्यांदा फक्त या सोलोकडे लक्ष द्या. दुसऱ्यांदा ऐकताना सोलो सोडून द्या आणि फक्त डॅन गॉटलिबचे ड्रम्स ऐका, सोलो चढायला लागला की तो मागून काय काय वाढवतो ते बघा. तिसऱ्यांदा स्टीव रॉडबीचा बास. हे तीन वेळा ऐकणं टाळू नका भो, कान इथेच तयार होतो, आणि जो ऑक्टोपॅड किंवा कीबोर्ड वाजवतो त्याने तर आपल्या वाद्याच्या माणसाला धरूनच बसावं.

हे जमलं की 'फेज डान्स' घ्या, ती १९७८ च्या त्यांच्या पहिल्या ग्रुप अल्बमवर आहे, तेव्हा बासवर मार्क ईगन होता आणि टूरवर रॉडबी आहे, शिवाय टूरवर ब्राझीलचा नाना वास्कोन्सेलोस पर्कशनला आहे, माणसं बदलली की तीच ट्यून कशी वेगळी चालते ते लगेच कळतं.

सामानाचं थोडक्यात. मोबाइलच्या स्पीकरवर बास ऐकूच येत नाही त्यामुळे साधे वायरवाले इयरफोन का होईना पण लावा. शफल बंद, क्रॉसफेड (एक गाणं संपता संपता त्यात पुढचं मिसळणारी सेटिंग) बंद, नाहीतर एका ट्यूनच्या टाळ्या दुसरीच्या सुरुवातीवर चढतात. नेटवर्क जिथे येतं तिथे आधीच डाउनलोड करून ठेवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे कूलर चालू असतो आणि त्याच्या घरघरीत हळू वाजलेलं सगळं बुडून जातं, 'फार्मर्स ट्रस्ट' सारखी शांत ट्यून तर कूलरजवळ ऐकणं म्हणजे तिच्यावर अन्यायच आहे. रात्री जेवणं झाली की गच्चीवर जा. एसटीत तर ऐकूच नका, तिथे फक्त सोलोची टोकं ऐकू येतात आणि मग माणूस म्हणतो की यात नुसता गोंगाट आहे.

दुसरा अल्बम वेदर रिपोर्ट या बँडचा '८:३०', १९७९ चा. जोसेफ झाविनुल कीबोर्डवर, वेन शॉर्टर सॅक्सवर, जॅको पॅस्टोरियस बासवर आणि पीटर अर्स्काइन ड्रम्सवर, चौघंच, तरी इतका भरलेला आवाज काढतात की मला अजून नवल वाटतं. 'बर्डलँड' आधी 'हेवी वेदर' वरची १९७७ ची ऐका मग इथली. एक लक्षात ठेवा, या डबल एलपीच्या चार बाजूंपैकी तीन लाइव्ह आणि चौथी स्टुडिओतली आहे, त्यामुळे शेवटी पब्लिकचा आवाज गायब झाला तर तुमच्या फाइलमध्ये काही गडबड नाहीये.

ज्यांचं घर भजनाचं, तबल्याचं आहे त्यांनी पाहिजे तर 'शक्ती' या बँडपासून सुरू करावं. १९७५ मध्ये न्यूयॉर्क राज्यात लाँग आयलंडवरच्या एका कॉलेजात झालेला कार्यक्रम १९७६ ला अल्बम म्हणून आला, जॉन मॅकलॉफलिनची अकूस्टिक गिटार, एल. शंकरचं व्हायोलिन, झाकीर हुसेनचा तबला, विनायकराम यांचा घटम (मातीच्या घड्याचं वाद्य). पहिलीच ट्यून १८ मिनिटांच्या आसपास आहे आणि वेग असा की पहिल्यांदा काहीच हाताला लागत नाही, तिथे गिटार सोडा आणि तबला-घटम धरा, तुमचा कान तिथे आधीच ओळखीचा आहे, तिथून बाकीचं उलगडतं.

त्याच मॅकलॉफलिनच्या महाविष्णू ऑर्केस्ट्राचा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये ऑगस्ट १९७३ ला रेकॉर्ड झालेला 'बिटवीन नथिंगनेस अँड इटर्निटी' मात्र शेवटी ठेवा, तो फार तापलेला आहे, तीनच ट्यून्स आणि त्यातली एक एलपीची आख्खी बाजू खाते. यात जोडी उलटी लावायची, कारण या ट्यून्सची स्टुडिओ रेकॉर्डिंग्ज तेव्हा बाहेर आलीच नाहीत, ती 'द लॉस्ट ट्रायडेंट सेशन्स' म्हणून थेट १९९९ ला आली, त्यामुळे आधी सेंट्रल पार्क ऐका आणि मग ती.