आईला परदेशवारीचं सरप्राइझ देताय? या चुका टाळा

आईला मी सांगितलं होतं की ठाण्याला माझ्या मैत्रिणीचं लग्न आहे, दोन दिवसांत परत येऊ. साताऱ्याहून दुपारी गाडी निघाली. एक्स्प्रेसवेवरच्या फूड मॉलला चहा घेताना मी तिच्यापुढे दुबईच्या तिकिटांचा प्रिंट ठेवला. आता हिचे डोळे भरून येणार म्हणून मोबाईलचा कॅमेरा आधीच सुरू केला होता. तिने चष्मा लावला, कागद दोनदा वाचला आणि म्हणाली, "अगं, दूध विरजून ठेवलंय मी. कोण बघणार?"

तो व्हिडिओ अजून आहे माझ्याकडे. त्यात पुढची चार मिनिटं दूध, तुळस, देवांची पूजा आणि गॅसचा कॉक हेच विषय आहेत. बाबा गेल्यापासून ती घरात एकटी असते. म्हणजे घर बंद करून निघणं ही तिच्या दृष्टीने एक दिवसाची मोहीम असते, आणि ती मोहीम मी तिच्या हातून काढून घेतली होती. शेजारच्या काकूंना फोन लागला, किल्ली त्यांच्याकडे होती, म्हणून निभावलं. गुपित ठेवायचंच असेल तर शेजारणीला आधी सामील करून घ्या. देवाला दोन फुलं घालणारं, तुळशीला पाणी घालणारं माणूस ठरलेलं असलं की आईचा अर्धा जीव भांड्यात पडतो.

खोटं सांगितलं की सामानही खोटं भरलं जातं

माझी सगळ्यात मोठी चूक ही, आणि बाकीच्या बऱ्याचशा तिच्यातूनच निघाल्या. आईने बॅग लग्नाची भरली होती. दोन रेशमी साड्या, एक पैठणी, सांधेदुखीचा पट्टा "कशाला उगाच" म्हणून घरी, पायात नाजूक सँडल. हातात पाटल्या. आणि रुखवतासाठी म्हणून स्टीलच्या डब्यात एकवीस अनारसे.

अनारसे म्हणजे खसखस. तांदळाचं पीठ खसखशीवर थापून तुपात सोडलेलं. आपल्याकडे खसखस किराणा दुकानात मिळते, पण ते अफूच्या बोंडातलं बी आहे, आणि संयुक्त अरब अमिरातीत खसखस नेणं हा अमली पदार्थांच्या कायद्याखालचा गुन्हा आहे. तिथे "आईने केलेत हो" हे चालत नाही. गरम मसाल्यात, काळ्या मसाल्यात, लाडवांतही ती असू शकते, तेव्हा घरचा मसाला नेण्याआधी त्यात काय आहे ते विचारा. मला हे माहीत होतं, पण बॅगेत अनारसे आहेत हेच माहीत नव्हतं. डबा ड्रायव्हरदादांकडे गेला. आईला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट "घरी मुलं आहेत ना तुमच्या?" असं विचारून तिने तो स्वतःच त्यांच्या हातात दिला. नाराज ती माझ्यावर होती.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या असतील तर त्याही काढा. खोबऱ्यात तेल भरपूर असल्याने विमान कंपन्या ते ज्वलनशील मानतात आणि बॅग उघडायला लावतात. लोणच्याची बरणी हातातल्या पिशवीत ठेवू नका. द्रवपदार्थांना केबिनमध्ये 100 मिलीची मर्यादा असते आणि तेलात बुडलेली फोड सुरक्षा तपासणीत सुटत नाही.

पाटल्या मनगटातून निघेनात. साबण लावूनही. शेवटी त्या दुबईभर तिच्या हातात राहिल्या आणि आमचं दोघींचं अर्धं लक्ष मनगटाकडे. मोलाचे दागिने घालून जायचेच असतील तर निघताना विमानतळावरच्या कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र करून घेता येतं, म्हणजे परतताना "हे तिथून घेतलं का?" हा प्रश्न उभा राहत नाही. पण त्यासाठी दागिन्याचं वजन, बिल किंवा मूल्यांकन जवळ हवं आणि हाताशी वेळ हवा. माझ्याकडे तिन्ही नव्हतं. आईला आठवडाभर आधी कळलं असतं तर तिने पाटल्या स्वतःच लॉकरला टाकल्या असत्या आणि खोट्या बांगड्या भरल्या असत्या.

गोळ्यांची डबी दोन दिवसांची

लग्नाला जायचं म्हणून तिने रक्तदाबाच्या आणि थायरॉइडच्या गोळ्या मोजून दोन दिवसांच्या घेतल्या होत्या. पनवेलला मेडिकल शोधलं. प्रिस्क्रिप्शन साताऱ्यात कपाटात. डॉक्टरांना फोन करून व्हॉट्सॲपवर मागवलं, तेव्हा गोळ्या मिळाल्या, एक ब्रँड बदलून. त्या गडबडीत तिच्या पर्समधली गुडघेदुखीची स्ट्रिप उलटून पाहिली तर मागे पॅरासिटामॉलबरोबर ट्रामाडॉल लिहिलेलं. हे औषध अमिरातीत नियंत्रित यादीत आहे. कोडीन असलेली खोकल्याची औषधंही तशीच. तिथल्या सरकारची आगाऊ परवानगी घ्यावी लागते. स्ट्रिप अनारशांच्या मागोमाग ड्रायव्हरदादांकडे.

तेव्हा हे काम सरप्राइझच्या आधी करा. आईच्या डॉक्टरांना विश्वासात घ्या. औषधांची यादी ब्रँडच्या नाही, घटकांच्या नावाने लिहून घ्या आणि ज्या देशात जाणार त्याच्या नियमांशी ताडून पाहा. गोळ्या मूळ पाकिटात, प्रिस्क्रिप्शनसह, हातातल्या बॅगेत. चार-पाच दिवसांच्या जास्त. प्रवास विम्याचा अर्ज भरताना रक्तदाब, मधुमेह, झालेलं ऑपरेशन हे लपवू नका. विमा स्वस्त पडतो म्हणून "नाही" वर टिक करणारे बरेच असतात, आणि दावा तिथेच अडतो. गुपित ठेवण्याच्या नादात आईला न विचारता भरलेला फॉर्म हा बहुतेक वेळा अर्धा चुकीचाच असतो. तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन कोणत्या साली झालं ते तुम्हाला सांगता येईल? मला आलं नाही.

पासपोर्ट चोरून निघत नाही

ज्यांच्या आईकडे अजून पासपोर्टच नाही त्यांनी गुपिताचा नाद सोडावा. पासपोर्ट सेवा केंद्रात किंवा पोस्टातल्या केंद्रात अर्जदाराला स्वतः जावं लागतं, बोटांचे ठसे, फोटो, मूळ कागद. मग पोलीस पडताळणी. त्यात आपल्या आयांची खास अडचण नावाची. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेलं नवीन नाव आधारवर, आणि बँकेत स्पेलिंग तिसरंच. लग्नाची नोंदणी त्या काळी कोण करत होतं? हे सगळं जुळवायला महिने जातात. तेव्हा पासपोर्ट उघड काढा, वर्षभर आधी, "असू दे घरात" म्हणून. आम्ही तसंच केलं होतं, आणि नंतर ती ते विसरूनही गेली.

पासपोर्ट असेल तर तारीख बघा. सहा महिन्यांहून कमी मुदत उरली असेल तर बरेच देश दारातून परत पाठवतात. मग नावाचा रकाना. जुन्या पासपोर्टवर काही बायकांचं नुसतं एकच नाव असतं, आडनावाची जागा मोकळी. अमिरातीने नोव्हेंबर 2022 पासून अशा एकेरी नावाच्या पासपोर्टवर पर्यटक व्हिसा देणं बंद केलंय. मागच्या पानावर वडिलांचं किंवा कुटुंबाचं नाव असेल तर चालतं, पण ते विमानतळावर समजण्यापेक्षा घरी समजलेलं बरं. तिकिटावरचं नाव पासपोर्टवरून अक्षरन् अक्षर उतरवा, आधारवरून नाही. पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे देश सोडण्याआधी सरकारी परवाना लागेल असा शेरा, छापलेला दिसला तर घाबरू नका. तो परवाना कामासाठी जाणाऱ्यांना लागतो, पर्यटकांना नाही, आणि वयाची पन्नाशी ओलांडलेली माणसं तशीही त्यातून वगळलेली आहेत.

देश निवडताना एकच गोष्ट बघा, व्हिसासाठी आईला कुठे नेऊन उभं करावं लागतं का. दुबईला पासपोर्टची प्रत आणि फोटो पुरला, म्हणून माझं गुपित टिकलं. युरोपच्या शेंगेन व्हिसाला बोटांचे ठसे द्यायला जावंच लागतं (एकदा दिले की 59 महिने चालतात), इंग्लंड-अमेरिकेचं तेच. तिथे सरप्राइझ करायला जाल तर व्हिसा केंद्राच्या रांगेत फुटेल, आणि तेही लोकांसमोर.

"मला काय झालंय?"

मुंबईचं टर्मिनल 2 आत शिरल्यापासून गेटपर्यंत किती चालायला लावतं ते तरुणपणी कळत नाही. मी व्हीलचेअर तिकिटाबरोबरच मागून ठेवली होती, एवढं एक शहाणपण. पण सांगितलं नव्हतं. खुर्ची समोर आली तेव्हा आईचा चेहरा उतरला. "मला काय झालंय? लोक काय म्हणतील?" खरं तर ती चालणाऱ्या माणसांसाठीही असते. विमान कंपनीच्या भाषेत डब्ल्यूसीएचआर म्हणजे जिना चढता येतो पण लांब चालवत नाही, आणि डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिनाही नको. हे तिला घरी, दोघीच असताना समजावलं असतं तर ती बसली असती. ती चालत आली, सँडल घासत, मध्ये तीनदा थांबत.

इमिग्रेशनच्या काउंटरवर अधिकाऱ्याने साधंच विचारलं, "कुठे, किती दिवस?" तिने माझ्याकडे पाहिलं. त्याने पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "लेकीला विचारा, मला आजच कळलंय." तो हसला म्हणून बरं. प्रवाशाला स्वतःचा प्रवास माहीत हवा. देश, हॉटेल, परतीची तारीख एका कागदावर मराठीत लिहून तिच्या पर्समध्ये ठेवा, तुमचा फोन नंबरही. चुकामूक झालीच तर तो कागद उपयोगी पडतो.

शाकाहारी जेवण आधी नोंदवा. भारतीय पद्धतीचं हवं असेल तर एव्हीएमएल हा कोड बघा. स्वस्त विमानात आगाऊ घेतलं नाही तर चिप्सवर भागवावं लागतं.

व्हिडिओ कॉल लागत नाही

बुर्ज खलिफाखाली उभं राहून आईला मावशीला व्हिडिओ कॉल करायचा होता. 828 मीटर मान वर करून बघून झालं होतं, आता मावशीची मान वर व्हायला हवी होती. हॉटेलच्या वायफायवर व्हॉट्सॲपचा कॉल लागेना. अमिरातीत तो अडवलेला असतो, मेसेज जातात, कॉल नाही. तिथे परवानगी असलेलं बोटिमसारखं ॲप दोन्हीकडे आधीच टाकून, एकदा लावून बघायला हवं. म्हणजे मावशीला आधी सांगायला हवं. म्हणजे पुन्हा गुपित.

आणि भाव सांगू नका. मॉलमधला चहा किती रुपयांना पडला हे कळल्यावर तिने दुसऱ्या दिवसापासून चहा सोडला. वाळवंटातली गाडीची उड्या मारणारी सफर मी पैसे भरून ठेवली होती, तिच्या कमरेचा विचार न करता. ते पैसे गेले. तिला सगळ्यात आवडलं ते खाडीच्या एका काठावरच्या देराहून समोरच्या बर दुबईला होडीने जाणं. एक दिरहम, म्हणजे पंचवीस रुपयांच्या आसपास. आम्ही चार वेळा गेलो-आलो.

मग सांगायचं कधी?

पंधरा दिवस आधी, घरी, तिच्याच स्वयंपाकघरात. नंतरच्या श्रीलंकेच्या सहलीच्या वेळी मी तसं केलं. तिकीट पंचांगाच्या पानात ठेवलं, कारण ते ती रोज उघडते. त्या पंधरा दिवसांत तिने भजनी मंडळात सांगितलं, भाजीवालीला सांगितलं, बँकेत सांगितलं, बॅग तीनदा भरली आणि तीनदा रिकामी केली, बूट आणले आणि घरात घालून फिरली. फोनवर मला रोज नवा प्रश्न. तिकडे पाऊस असतो का गं? नारळ तिकडे मिळतो, मग आपण काय न्यायचं?

दुबईहून परतलो तेव्हा न्यायला तेच ड्रायव्हरदादा आले होते. डबा पुढच्या सीटवर होता. रिकामा कसा द्यायचा म्हणून त्यांच्या बायकोने शेंगदाण्याचे लाडू भरले होते. आईने साताऱ्यापर्यंत तो मांडीवरच ठेवला, आणि खोपोलीला मला विचारलं, "त्या तुझ्या मैत्रिणीचं लग्न खरंच ठरलंय का गं? अनारसे पुन्हा करावे लागतील."