सेन्सर बदलला की डेप्थ ऑफ फील्ड किती बदलते?

लहान सेन्सरवर डेप्थ ऑफ फील्ड (फोटोत पुढेमागे जेवढा भाग स्पष्ट दिसतो ती खोली) जास्त मिळते, हे अर्धेच खरे आहे. ५० मिमीची लेन्स, एफ/२.८ (एफ क्रमांक म्हणजे लेन्सच्या छिद्राचे माप; आकडा लहान तितके छिद्र मोठे) आणि ३ मीटरवरच्या माणसावर फोकस असे धरा. फुल फ्रेमवर (३६ × २४ मिमी) पुढेमागे मिळून सुमारे ६० सेंमीचा पट्टा स्पष्ट येतो. बाकी काहीही न हलवता तीच लेन्स मायक्रो फोर थर्ड्स बॉडीवर (१७.३ × १३ मिमी) लावली, तर पट्टा वाढत नाही, उलट सुमारे ३० सेंमी होतो. लहान सेन्सरवरचे चित्र त्याच आकाराच्या प्रिंटपर्यंत न्यायला दुप्पट मोठे करावे लागते आणि त्यातला धूसरपणाही तितकाच मोठा होतो. म्हणूनच हिशोबात स्पष्ट मानायला चालणाऱ्या धूसर ठिपक्याची मर्यादा फुल फ्रेमला ०.०३ मिमी, तर मायक्रो फोर थर्ड्सला ०.०१५ मिमी धरतात.

मग अनुभव उलटा का येतो? वरच्या प्रयोगात माणूस फ्रेममध्ये मावत नाही, म्हणून आपण २५ मिमीची लेन्स लावतो किंवा ६ मीटरपर्यंत मागे जातो. दोन्ही वेळा एफ/२.८ वर पट्टा साधारण सव्वा मीटरचा होतो. म्हणजे खोली वाढवली ती लेन्सने किंवा अंतराने; सेन्सर फक्त निमित्त.

फुल फ्रेमवरचा फोटो लहान सेन्सरवर तसाच हवा असेल, तर उभे राहायची जागा तीच ठेवा आणि फोकल लेन्थ व एफ क्रमांक दोन्हींना क्रॉप फॅक्टरने (फुल फ्रेमचा कर्ण त्या सेन्सरच्या कर्णाच्या किती पट आहे तो आकडा) भागा. एपीएस-सीसाठी (फुल फ्रेम आणि मायक्रो फोर थर्ड्स यांच्या मधल्या आकाराचा सेन्सर) तो १.५ (कॅननसाठी १.६), मायक्रो फोर थर्ड्ससाठी २, ‘एक इंची’ सेन्सरसाठी २.७. (या शेवटच्याचा कर्ण प्रत्यक्षात १६ मिमीच असतो, नावावर जाऊ नका.) फुल फ्रेमवर ८५ मिमी एफ/२.८ असेल, तर १.५ क्रॉपला ५६ मिमी एफ/१.८ आणि मायक्रो फोर थर्ड्सला ४२ मिमीच्या आसपास एफ/१.४ लागेल. फोकल लेन्थला भागायचे सगळ्यांना आठवते, एफ क्रमांक मात्र विसरला जातो आणि मग पार्श्वभूमी हवी तशी विरघळत नाही. क्रॉप फॅक्टर ३.५ असलेल्या फोनवर एफ/१.८ लिहिलेले असले, तरी खोलीच्या दृष्टीने ते फुल फ्रेमच्या एफ/६.३ इतकेच. पोर्ट्रेट मोडमधला धूसरपणा त्यामुळेच सॉफ्टवेअरने करावा लागतो.

हा भागाकार एक्स्पोजरला (फोटो किती उजळ येतो त्याला) लावू नका. एफ/१.४ म्हणजे कुठल्याही सेन्सरवर एफ/१.४ चेच एक्स्पोजर. शटर स्पीड तोच ठेवायचा असेल, तर मायक्रो फोर थर्ड्सवर एफ/१.४ व आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, आणि फुल फ्रेमवर एफ/२.८ व आयएसओ ४००.

स्वतः पडताळायला टेबलावर मोजपट्टी कॅमेऱ्यापासून दूर जाईल अशी पसरा. कॅमेरा ट्रायपॉडवर, अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी मोड (एफ क्रमांक आपण ठरवतो, शटर स्पीड कॅमेरा). १०० सेंमीच्या खुणेवर फोकस करून ऑटोफोकस बंद करा. अंतर लेन्सच्या टोकापासून नव्हे, तर बॉडीवरच्या सेन्सरच्या खुणेपासून (आडवी रेघ गेलेले वर्तुळ) मोजा. किट झूम वापरत असाल तर एफ/३.५ झूम केल्यावर आपोआप एफ/५.६ होऊ शकतो, म्हणून वेगवेगळ्या बॉडी किंवा फोकल लेन्थने काढलेल्या सगळ्या फोटोंना एफ/५.६ च ठेवा. फोटो पडद्यावर एकाच उंचीचे करून तपासा. १०० टक्के झूम करून पाहिले तर तुलना मेगापिक्सेलची होते, खोलीची नाही.

मॅक्रोमध्ये (अगदी जवळून काढलेल्या फोटोंत) लहान सेन्सरने भरपूर खोली मिळते, पण फुकट नाही. मायक्रो फोर थर्ड्सवर एफ/८ ला जी खोली, ती फुल फ्रेमवर एफ/१६ ला मिळते. डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) येणारा मऊपणाही दोन्हीकडे सारखाच. एफ/११, एफ/१६ वर आणखी खोली शोधण्यापेक्षा एफ/५.६ वर फोकस थोडाथोडा सरकवत फोटो घ्या आणि फोकस स्टॅकिंग करा, म्हणजे ते सॉफ्टवेअरने एकत्र जोडा.