दवाखान्यातून सुट्टी झाली, पण औषधांसाठी खोळंबा? आदल्या दिवसापासून काय करावं

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांत दुपारी हे नेहमी दिसतं: सकाळच्या राऊंडला डॉक्टर "आज सुट्टी" म्हणून गेलेत, पेशंट कपडे बदलून खाटेवर बसलाय आणि नातेवाईक फार्मसीच्या खिडकीशी उभे आहेत. मधल्या वेळेत डिस्चार्ज कार्ड टाइप होतं, त्यावर सही होते, वॉर्डातली उरलेली औषधं परत जातात, मग बिल. घरी न्यायच्या औषधांची चिठ्ठी बहुतेकदा सगळ्यात शेवटी हातात पडते. ती आधी मागून घ्या.

आदल्या संध्याकाळीच निवासी डॉक्टरांना विचारा, "उद्या सुट्टी असेल तर घरच्या औषधांची चिठ्ठी आज मिळेल का?" सकाळी डोस बदलू शकतो, म्हणून लगेच सगळं विकत घेऊ नका. पण एखादं औषध सहजासहजी मिळणारं नसेल तर ते आजच कळेल. भंडारा, गडचिरोली, छिंदवाड्याहून आलेल्यांनी तर हे कराच. शेवटची एसटी फार्मसीसाठी थांबत नाही.

औषधं दवाखान्याच्याच दुकानातून घेणं बंधनकारक नाही. तिथे नसेल तर बाहेर बघा, जनऔषधी केंद्रही बघा. पर्यायी कंपनीची गोळी मात्र डॉक्टरांना दाखवूनच घ्या. झोपेच्या किंवा तीव्र वेदनेच्या काही औषधांना मूळ चिठ्ठी लागते, मोबाइलवरच्या फोटोवर काम होत नाही.

कॅशलेसची, म्हणजे विमा कंपनीने बिल परस्पर भरण्याची, मंजुरी येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. विमा नियामकाच्या 2024 च्या परिपत्रकानुसार अंतिम मंजुरी 3 तासांत यायला हवी; तेवढ्यात औषधं आणून होतात. पक्कं बिल जपून ठेवा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत भरती असाल तर खिशात हात घालण्याआधी आरोग्यमित्राला (दवाखान्यातला योजनेचा मदतनीस) गाठा. सुट्टीनंतर 10 दिवसांपर्यंतची औषधं पॅकेजमध्येच धरलेली असतात.

आता सगळ्यात जास्त चुकतं ते. कार्डावर 1-0-1 (सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक) लिहिलेलं असतं, पण आजचा सकाळचा डोस दिला की नाही, हे बहुतेकदा नसतं. सिस्टरला विचारा आणि पुढच्या डोसची वेळ पाकिटावर पेनाने लिहा. खोळंब्यात डोसची वेळ होत असेल तर तो वॉर्डातच मागा, संकोच करू नका. रक्त पातळ करणारी, फिट्सची औषधं, इन्सुलिन आणि अँटिबायोटिक यांचे डोस चुकवून चालत नाही. घरातल्या जुन्या गोळ्याही कार्डाशी ताडून बघायला सांगा. एकच औषध दोन नावांनी दोनदा जाणं फार सोपं आहे.

इन्सुलिन सगळ्यात शेवटी, निघताना घ्या. न उघडलेली बाटली 2 ते 8 अंशांत ठेवायची असते आणि मे महिन्यात नागपूरचा पारा 45 पर्यंत चढतो. थंड पिशवीत न्या, पण बर्फाला थेट टेकवू नका. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरता येत नाही. आणि गाडी उन्हात उभी असेल तर पिशवी डिक्कीत न ठेवता सोबतच घेऊन उतरा.