आर्वो पॅर्टचं ‘कानोन पोकायानेन’ पहिल्यांदा ऐकताय? मग हे वाचा

एस्टोनियाचा संगीतकार आर्वो पॅर्ट याची ही गायकवृंदासाठीची लांबलचक धार्मिक रचना. आधी सेटिंग. ॲपमधलं शफल बंद, क्रॉसफेड (एक ट्रॅक संपता संपता दुसऱ्यात मिसळणारं सेटिंग) तर नक्कीच बंद, कारण क्रॉसफेडने दोन भागांमधली शांतता खाऊन टाकली की अर्धी मजा गेलीच. आवाज सुरुवातीच्या हळू जागेवरून ठरवू नका, आधी एखादी जोराची जागा शोधा, तिथे कानाला सुसह्य होईल एवढा ठेवा आणि मग पुन्हा हात लावू नका.

रेकॉर्डिंग ईसीएम या रेकॉर्ड कंपनीचंच घ्या. एस्टोनियन फिलहार्मोनिक चेंबर क्वायर, कंडक्टर टोनू काल्युस्ते, 1997 साली तालिनच्या निगुलिस्ते चर्चमध्ये केलेलं. वाद्य एकही नाही, फक्त गळे, आणि त्या जुन्या दगडी वास्तूत आवाज विरत जातो तो नीट ऐकायचा तर हेडफोनच लावा.

आता खरं काम, म्हणजे शब्द समोर ठेवणं. हा ऑर्थोडॉक्स चर्चमधला पश्चात्तापाचा कॅनन आहे, म्हणजे ‘ओड’ नावाच्या भागांत बांधलेलं लांब प्रार्थनागीत, भाषा चर्च स्लावोनिक, म्हणजे चर्चमधली जुनी स्लाव्ह प्रार्थनाभाषा, भाषांतर नेटवर मिळतं. सगळं कळायची गरज नाही हो, फक्त ‘पोमिलुइ म्या, बोझे, पोमिलुइ म्या’ एवढं पकडा, माझ्यावर दया कर देवा असा अर्थ, हे कडव्यांच्या मधे परत परत येतं, त्यामुळे आपण कुठे आहोत ते कळत राहतं. पुढे ‘स्लावा’ ऐकू आलं की ओड संपत आली समजा, शेवटचं कडवं येशूची आई मारिया हिला उद्देशून असतं. आणि पहिल्या ओडनंतर एकदम तिसरी आली तर ट्रॅक गायब झालाय असं समजू नका, कॅननमध्ये दुसरी ओड सहसा नसतेच.

स्वरांचं म्हणाल तर एक आवाज पायरी पायरीने चालतो आणि दुसरा सा, कोमल ग, प एवढ्यातच फिरतो, तानपुऱ्यासारखं सतत घर दाखवत. पॅर्टने 1976 पासून हीच पद्धत धरलीय. मधले थांबेसुद्धा मनाला येईल तिथे नाहीत, शब्द किती लांब आणि विरामचिन्ह कुठलं यावर ते ठरतात, म्हणून शब्द समोर असले की कंटाळा येत नाही, हे मी अगदी खात्रीने सांगते.

पूर्ण ऐकायला जवळपास दीड तास लागतो. तेवढा वेळ नसेल तर एकच ओड घ्या, पण ती मधे तोडू नका. शेवटची प्रार्थना मात्र आधी ऐकू नका, ती सगळ्या ओड झाल्यावरच.