फोर्टातल्या गॉथिक वास्तूत जेवायला जाताना

ठाण्याहून मुंबईच्या फोर्ट भागातल्या एखाद्या जुन्या गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या आणि उंच छताच्या, वास्तूत कुटुंबासह जेवायला जायचे असेल, तर टेबल राखून ठेवण्यापूर्वी त्या दिवशीच्या सूर्यास्ताची वेळ पाहावी, कारण रंगीत काचांच्या खिडक्या बाहेर उजेड असेपर्यंतच खुलतात आणि अंधार पडला की आतून काळ्या दिसतात. जेवणाआधीचा निदान एक तास नुसता पाहण्यासाठी ठेवावा. ताट समोर आल्यावर मान वर करून छत न्याहाळणे कोणालाही जमत नाही.

हा तास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर घालवावा, असे मी आग्रहाने सांगेन. जलद लोकलने ठाण्याहून तासाभरात तिथे पोहोचता येते. बोरीबंदर (इथल्या जुन्या स्थानकाचे नाव) ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, म्हणजे ठाणेकरांचे या जागेशी असलेले नाते इमारतीपेक्षाही जुने आहे. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८७८ मध्ये बांधकाम सुरू झाले, ते सुमारे दहा वर्षे चालले आणि कोरीव कामात सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात लागला. एखाद्या खांबाच्या माथ्यावरची दगडी पाने जवळून पाहावीत: एकाची कड जरा जास्त वळलेली, शेजारच्याची शीर खोल गेलेली. हाताने केलेले काम असे ओळखता येते. लोकलच्या तिकीटघरात छतावर तारे रंगवलेले आहेत. तिथे कमानींच्या दगडी फासळ्या छताचा भार खांबांवर कशा उतरवतात, ते मुलांना बोटाने दाखवावे. हे एकदा कळले, की जेवणाच्या दालनातली प्रत्येक टोकदार कमान त्यांना आपोआप वाचता येते.

टेबल सांगताना दोन गोष्टी फोनवरच विचारून घ्याव्यात: पायऱ्या किती आहेत आणि गाणी किती मोठ्याने लावतात. उंच दगडी छताखाली आवाज घुमतो. एकदा आम्हाला ध्वनिवर्धकाखाली बसवले गेले आणि आईला शेजारच्याचे बोलणेही ऐकू येईना. तेव्हापासून मी भिंतीलगतचे, पण दालनाची पूर्ण लांबी नजरेत येईल असे टेबल आधीच मागून घेतो.

जेवताना तेलकट हात खांबाला किंवा कोरीव कामाला लागू देऊ नयेत, कारण चुनखडीसारखा सच्छिद्र दगड तेल शोषून घेतो आणि तो डाग सहजासहजी निघत नाही. मुलांना हे आधीच प्रेमाने समजावून ठेवावे. छायाचित्रे काढण्यापूर्वी व्यवस्थापकांची परवानगी घ्यावी.

परतीची लोकल टर्मिनसवरूनच धरावी. गाडी तिथूनच सुटत असल्याने वडीलधाऱ्यांना बसायला जागा मिळण्याची शक्यता जास्त असते.