सबनॉटिकात बंदूक शोधू नका : नवख्या खेळाडूंच्या नेहमीच्या चुका

सबनॉटिका, म्हणजे परग्रहावरच्या समुद्रात तग धरून राहण्याचा व्हिडिओ गेम, नव्याने खेळू लागलेला जवळजवळ प्रत्येक जण मला पहिल्या दोन-तीन दिवसांतच विचारतो की, यात बंदूक कुठे मिळते. विचारणाऱ्याला मी दोष देत नाही, कारण आधी शस्त्र मिळवा आणि मग बाकीचे बघा, हीच सवय इतर गेमनी त्याला लावलेली असते. या गेममध्ये मात्र बंदूक नाही. ती पुढे कधीतरी मिळेल असे नाही आणि कुठल्या गुहेत लपवून ठेवली आहे असेही नाही. ही गोष्ट मनापासून मान्य न केल्यामुळेच खाली दिलेल्या बहुतेक चुका घडतात आणि त्या वर्षानुवर्षे पाहून मी आता खरोखर कंटाळले आहे.

बंदूक नसण्यामागे विचार आहे, आळस नाही. हा गेम करणाऱ्या अननोन वर्ल्ड्स या सॅन फ्रान्सिस्कोतील कंपनीचा आधीचा गेम, नॅचरल सिलेक्शन २, ऑक्टोबर २०१२ मध्ये आला होता आणि तो बंदुकांनी भरलेला होता. त्यानंतर काही आठवड्यांनी, १४ डिसेंबर २०१२ रोजी, अमेरिकेतील कनेटिकट राज्यात सँडी हूक प्राथमिक शाळेत झालेल्या गोळीबारात २० मुले आणि सहा मोठी माणसे मारली गेली. सबनॉटिकाचे दिग्दर्शक चार्ली क्लीव्हलँड यांनी पुढे स्पष्टपणे सांगितले की, त्या घटनेनंतर जगात आणखी बंदुका वाढवण्याची त्यांची इच्छा राहिली नाही आणि हा गेम म्हणजे कमी बंदुका असलेल्या जगाच्या बाजूने टाकलेले एक मत आहे. गेमच्या कथेतही याचे कारण दिलेले आहे. ऑब्राक्सिस प्राइम येथील हत्याकांडानंतर जगण्यासाठीच्या ठरावीक ब्ल्यूप्रिंटमधून, म्हणजे वस्तू बनवण्याच्या आराखड्यांमधून, शस्त्रे काढून टाकली गेली आणि अपवाद केवळ चाकूचा ठेवला गेला, अशी नोंद त्यात आहे. ती नोंद न वाचता पुढे जाणारे खेळाडूच नंतर बंदुकीची चौकशी करतात.

स्टॅसिस रायफलला बंदूक समजणे

ही माझ्या मते सर्वांत मोठी चूक आहे, त्यामुळे तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. नावात रायफल असली तरी या साधनातून गोळी सुटत नाही. त्यातून एक गोल सुटतो, त्याच्या आत सापडलेला प्राणी काही सेकंद जागच्या जागी गोठतो आणि नंतर पूर्वीइतकाच धडधाकट होऊन हलू लागतो. कळ दाबून ठेवली तर गोल मोठा होतो आणि अधिक काळ टिकतो, पण इजा मात्र तो कोणालाही करत नाही.

माझा भाचा दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे आला होता. स्टॅसिस रायफल हाती येताच त्याने ठरवले की, आता रीपर लेव्हायथन या महाकाय, हिंस्र प्राण्याला मारायचे. "मावशी, तो गोठलेला असताना चाकू चालवायचा, सोपे आहे," असे म्हणून तो कोसळलेल्या ऑरोरा या अंतराळजहाजाच्या मागच्या बाजूला सीमॉथ ही छोटी पाणबुडी घेऊन गेला. मी शेजारी बसून पाहत होते. गढूळ पाण्यातून आधी त्याच्या तोंडाभोवतीचे चार लालसर कोयते दिसले, मग ५५ मीटर लांबीचे ते सगळे धूड बाहेर आले, आणि याने नेम धरून त्याला गोठवले. चाकूचे वार सुरू झाले. वेळ संपला की पुन्हा गोठवायचे, ऑक्सिजन संपत आला की सीमॉथमध्ये शिरून श्वास घ्यायचा आणि पुन्हा बाहेर पडायचे, असे जवळजवळ पाऊण तास चालले. अखेर रीपर मेला आणि हळूहळू तळाशी गेला. त्यातून काय मिळाले? धातू नाही, मांस नाही, कोणतीही नवी ब्ल्यूप्रिंट नाही, कारण या गेममध्ये मारण्याचे बक्षीसच नाही. भाचा सीमॉथकडे वळला तेव्हा दुसऱ्या रीपरने ती कोयत्यांत धरलेली होती. त्या भागात एकच रीपर असतो, असे त्याने गृहीत धरले होते. सीमॉथ फुटली, तिच्यातले सामान गेले आणि उघड्या पाण्यात गेममधला त्याचा खेळाडूही वाचला नाही. आपला मुक्काम (बेस) सोडल्यापासून गोळा केलेले मॅग्नेटाइट आणि शिसे तेवढ्यावरच गेले. त्या पाऊण तासात त्याने सीमॉथची खोलीची मर्यादा २०० मीटरवरून ३०० वर नेणारे मॉड्यूल बनवले असते, तर दुसऱ्या दिवशी तो नव्या प्रदेशात पोचला असता.

मी स्टॅसिस रायफल दोनच कामांसाठी वापरते. एक, मोठ्या प्राण्याला गोठवून त्याचे स्कॅन करण्यासाठी, आणि दोन, पळून जाण्यासाठी. पळायचे असेल तर पूर्ण ताकदीचा गोल सोडावा, परिणाम पाहत थांबू नये आणि ताबडतोब वळून निघावे. २०२१ मध्ये पूर्ण स्वरूपात आलेल्या सबनॉटिका : बिलो झीरो या पुढच्या गेममध्ये तर ही रायफलसुद्धा ठेवलेली नाही, आणि मला तो निर्णय योग्य वाटतो.

कानांचा उपयोग न करणे

बंदूक नसलेल्या माणसाचे पहिले संरक्षण म्हणजे अंतर, आणि या समुद्रात अंतर डोळ्यांपेक्षा कानांनी आधी कळते. रीपर दिसण्याच्या कितीतरी आधी त्याची डरकाळी ऐकू येते. तरीही अनेक जण लॅपटॉपच्या स्पीकरवर, मागे गाणी लावून खेळतात आणि मग म्हणतात की, प्राणी अचानक अंगावर आला. मी हेडफोन लावते आणि सेटिंगमध्ये संगीताचा आवाज निम्म्याहून कमी ठेवते. डरकाळी ऐकू आली की सीमॉथ थांबवून आवाज कोणत्या कानात अधिक आहे ते पाहते, आणि त्याच्या विरुद्ध दिशेने बाहेर पडते. ऑरोराकडे जायचे असेल तर जहाजाच्या मागच्या बाजूने कधीच जाऊ नये. पुढच्या फुटलेल्या बाजूने, पृष्ठभागालगत जावे आणि अंगात रेडिएशन सूट असल्याशिवाय निघूच नये. गेम आपणहून सेव्ह होत नाही, त्यामुळे निघण्यापूर्वी हाताने सेव्ह करण्याची सवय लावून घ्यावी.

दातांसाठी स्टॉकरला मारणे

सायक्लॉप्स ही मोठी पाणबुडी आणि प्रॉन सूट हा यांत्रिक पोशाख या दोन्हींसाठी इनॅमल्ड ग्लास ही मजबूत काच लागते आणि तिच्यासाठी स्टॉकर या शिकारी जलचराचा दात लागतो. हे वाचताच नवखा खेळाडू चाकू काढून केल्प या समुद्री वनस्पतीच्या जंगलात शिरतो, चार-पाच स्टॉकर मारतो आणि एकही दात न मिळाल्याची तक्रार करतो. मेलेला स्टॉकर दात देत नाही. स्टॉकरला भंगार धातूचे तुकडे तोंडात धरून नेण्याची आवड असते, आणि असा तुकडा पकडताना त्याचा दात कधीकधी निखळून वाळूत पडतो. त्यामुळे आसपासचे दोन-चार तुकडे त्याच्या वाटेवर आणून टाकावेत, दूर जाऊन केल्पच्या पानांआड थांबावे आणि पाहत राहावे. तो झेप घेतो, तुकडा जबड्यात आवळतो, मान झटकतो, आणि त्याच्याखाली एक लहानसा पांढरा ठिपका सावकाश तळाकडे जाताना दिसतो. तो उचलताना होणारा आनंद कोणत्याही शिकारीत मला मिळालेला नाही. स्टॉकरला पीपर मासा खाऊ घातला तर तो काही काळ हल्लाही करत नाही. हे सगळे त्याचे स्कॅन केल्यावर पीडीएमध्ये, म्हणजे गेममधल्या हातातल्या संगणकात, वाचायला मिळते, पण स्कॅन करायला थांबण्याचा धीर हवा.

काही लहान चुका

क्रॅशफिश या अंगावर धावून येऊन फुटणाऱ्या माशावर चाकू चालवू नका. त्याला घरातून बाहेर येऊ द्या, वेगाने मागे हटा, तो स्वतःच फुटेल, आणि मग निवांत सल्फर काढा.

सीमॉथसाठी विजेचा झटका देणारे संरक्षक मॉड्यूल बनवण्याचा कंटाळा करू नका. रीपरने धरलेली सीमॉथ सोडवण्याचा तो खात्रीचा उपाय आहे.

वॉर्पर हा क्षणात इकडून तिकडे प्रकट होणारा प्राणी दिसला तर वाहनात सुरक्षित आहोत, असे समजू नका, कारण तो तुम्हाला वाहनातून उचलून थेट बाहेर पाण्यात आणतो.

सायक्लॉप्समध्ये असताना लेव्हायथन जवळ आला की घाबरून सर्वाधिक वेग धरणे चुकीचे आहे. आवाज वाढतो, इंजिन तापून आग लागते आणि पाठलाग संपत नाही. मी इंजिन बंद करते आणि तो निघून जाईपर्यंत अंधारात थांबते.

बंदूक देणारे मॉड, म्हणजे चाहत्यांनी गेममध्ये केलेले फेरफार, पहिल्याच खेळात घालू नका आणि गेमच्या आज्ञा-खिडकीत (कन्सोल) कमांड टाकून सामान मिळवू नका. दहा तासांत गेम संपवून तो कंटाळवाणा असल्याचे सांगणारे बहुतेक जण याच वाटेने गेलेले असतात. भीती सहन होत नसेल तर भूक-तहान बंद असलेला फ्रीडम मोड निवडून सावकाश खेळावे, त्यात कमीपणा नाही.

तोफ लगेच बंद करण्याची घाई

ज्यांना कथा आधी कळू द्यायची नाही, त्यांनी इथेच थांबावे. या गेममध्ये एकच खरी तोफ आहे आणि ती खेळाडूच्या हातात नाही. डोंगराळ बेटावरचे ते परग्रहवासीयांचे हिरवट प्रकाशाचे केंद्र ग्रहावर येणारी-जाणारी जहाजे पाडते, आणि ऑरोराही त्यानेच पाडलेली असते. जांभळी टॅबलेट, म्हणजे दार उघडणारी किल्लीसारखी पाटी, वापरून आत शिरलेले अनेक जण ती बंद करायला धावतात, हात पुढे करतात, यंत्र सुई टोचून रक्त तपासते आणि नकार देते. मग गेममध्ये बिघाड आहे, असे समजून ते तासन्‌तास तिथेच फिरत राहतात. बिघाड नाही. तुमच्या शरीरात ‘खारा’ नावाच्या जिवाणूचा संसर्ग असेपर्यंत ती तोफ बंद होत नाही, आणि ती बंद झाल्याशिवाय ग्रह सोडून जाण्याचे रॉकेटही उडत नाही. त्या केंद्रातील सगळ्या नोंदी स्कॅन करा, आयन क्यूब हा ऊर्जेचा ठोकळा उचला आणि खाली, लॉस्ट रिव्हर या खोल गुहांच्या भागाच्या दिशेने निघा. बरे झाल्यावर त्याच यंत्रापुढे पुन्हा हात धरा.